तीन गोळ्यांचा ग्रुप काय सांगतो आणि काय सांगत नाही

“सापडला लोड!” अमेरिकेतल्या रायफल रेंजवर हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडतं की त्याच्या पुढचं सगळंच आता पाठ झालं आहे. शंभर यार्डांवर तीन गोळ्या झाडलेल्या असतात. तिन्ही छिद्रं एका नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ असतात आणि वहीतल्या त्या ओळीभोवती लाल वर्तुळ काढलं जातं. पुढच्या खेपेला त्याच रायफलीतून, तशाच काडतुसांनी दुप्पट मोठा ग्रुप पडतो. मग दोष वाऱ्याला दिला जातो, स्कोपला, खांद्याला, पावडरच्या नव्या डब्याला. लाल वर्तुळावर कोणी शंका घेत नाही.

ज्यांना हा छंद परिचयाचा नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. झाडलेल्या काडतुसाची पितळी केस फेकून न देता साफ करायची, पुन्हा मापात आणायची, तिच्यात नवा प्रायमर, तोललेली पावडर आणि नवी बुलेट बसवायची, याला हँडलोडिंग किंवा रीलोडिंग म्हणतात. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी हे करायला संघीय परवाना लागत नाही. केस, प्रायमर, पावडर, बुलेट आणि काडतुसाची लांबी यांचा एक ठरावीक मेळ म्हणजे एक ‘लोड’. कोणता लोड कसा चालला याची वही जवळजवळ प्रत्येकजण ठेवतो. ही माणसं बेफिकीर नाहीत. एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम, आणि ती ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत पावडर तोलतात. तोलताना एवढी काटेकोर असलेली माणसं निष्कर्ष काढताना इतकी सैल का होतात, हे मला खरंच कळत नाही.

गैरसमज असा आहे: तीन गोळ्यांचा लहान ग्रुप म्हणजे चांगल्या लोडचा पुरावा.

वस्तुस्थिती गणिताची आहे आणि ती जुनी आहे. समजा एखाद्या रायफलीचे तीन गोळ्यांचे ग्रुप सरासरी १ इंचाचे येतात. काहीही न बदलता त्याच रायफलीचा पाच गोळ्यांचा ग्रुप सरासरी सव्वा इंचाच्या वर जातो आणि दहा गोळ्यांचा सुमारे १.६ इंचाचा होतो. ग्रुप मोजताना आपण फक्त सर्वांत लांबच्या दोन छिद्रांमधलं अंतर मोजतो, त्यामुळे गोळ्या वाढल्या की ते वाढणारच. हे निदान पुष्कळांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते पुढचं. सरासरी १ इंचाची ही रायफल तीन गोळ्यांत कधी अर्ध्या इंचाचा ग्रुप देते, कधी दीड इंचाचा, आणि त्यामागे कोणतंही कारण नसतं. विखुरणीचा स्वभावच तसा आहे.

आता रेंजवर प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. पावडरचं वजन थोडं थोडं बदलून दहा लोड केले जातात आणि प्रत्येकाच्या तीन गोळ्या झाडल्या जातात. हे दहाही लोड मुळात अगदी सारखेच आहेत असं धरा. तरी दहा ग्रुपांतला सर्वांत मोठा सर्वांत लहानाच्या तिप्पट निघाला तर त्यात नवल नाही. वहीत लाल वर्तुळ पडतं ते या लहान ग्रुपाभोवती. निवड झाली, पण निवडला गेला तो योगायोग. म्हणूनच पुढच्या खेपेला तो लोड ‘बिघडतो’. तो बिघडलेला नसतो. त्याची जी सरासरी आधीपासून होती, तिथे तो परत आलेला असतो.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका भांड्यातली शितं एकाच उकळीत शिजलेली असतात. इथे प्रत्येक गोळी थोडी वेगळी जाते, आणि किती वेगळी जाते हेच तर आपल्याला शोधायचं असतं.

यात नवं काही नाही. मोजक्या नमुन्यांवरून किती विश्वासाने बोलता येतं हा प्रश्न गिनेसच्या दारूभट्टीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिलेल्या निबंधात सोडवायला घेतला. नेमबाजीपुरतं बोलायचं तर अ‍ॅबरडीनच्या अमेरिकी लष्करी बॅलिस्टिक प्रयोगशाळेतले फ्रँक ग्रब्ज यांनी १९६४ मध्ये खास रायफलधारी आणि क्षेपणास्त्र अभियंत्यांसाठी अचूकतेच्या मोजमापांवर पुस्तिका लिहिली. ग्रुपची टोकं मोजण्याऐवजी प्रत्येक छिद्राचं मध्यापासूनचं अंतर घेऊन त्याची सरासरी काढणं हे मापही निदान तेव्हापासून उपलब्ध आहे. यात प्रत्येक गोळी मोजली जाते. टोकांच्या मापात दहापैकी आठ गोळ्यांची माहिती वाया जाते.

मग किती गोळ्या हव्यात? दोन लोडच्या विखुरणीत पाव हिश्शाचा फरक असेल तर तो प्रत्येकी तीसेक गोळ्यांनंतर जेमतेम दिसू लागतो. फरक दहा टक्क्यांचाच असेल तर प्रत्येकी दोनशेच्या आसपास गोळ्या लागतात. इतक्या बारीक फरकामागे लागून नळी झिजवण्यात अर्थ आहे का, हे प्रत्येकाने स्वतः ठरवावं. तीन गोळ्यांत तो दिसला असं मात्र कोणी म्हणू नये.

हाच गोंधळ वेगाच्या आकड्यांतही आहे. क्रोनोग्राफ आता स्वस्त झाले आहेत, डॉप्लर रडारवर चालणारे खिशात मावतात आणि वहीत ‘एसडी ६’ असा आकडा अभिमानाने लिहिला जातो. एसडी म्हणजे वेगातल्या चढउताराचं मानक विचलन, फूट प्रति सेकंदात. ते पाच गोळ्यांवरून काढलं असेल, तर खरं विचलन ३.६ पासून १७ पर्यंत कुठेही असू शकतं. ही ९५ टक्के खात्रीची मर्यादा आहे. लांब पल्ल्यावर ३.६ चा लोड सुरेख आणि १७ चा लोड सामान्य, आणि पाच गोळ्यांची नोंद या दोघांत भेद करू शकत नाही. तीस गोळ्यांवर तोच ६ आला, तर मर्यादा ४.८ ते ८.१ इतकी आवळते. तेव्हा तो आकडा काहीतरी सांगतो. म्हणून एसडी लिहिताना शेजारी गोळ्यांची संख्या लिहिली नसेल, तर ती नोंद अपुरी आहे.

सर्वांत जास्त चीड येते ती ‘सपाट जागे’ची. पावडर एकेक पायरी वाढवत प्रत्येक पायरीला एकच गोळी झाडायची, वेगाचा आलेख काढायचा आणि जिथे वेग वाढायचा थांबला तिथे ‘नोड’, म्हणजे पावडरचं योग्य वजन, सापडला म्हणायचं, अशी ही पद्धत आहे. साधा हिशेब करू. प्रत्येक पायरीला वेग सरासरी १० फूट प्रति सेकंद वाढतो आणि मानक विचलनही १० आहे असं धरा. एकेका गोळीची तुलना करताना दर चार पायऱ्यांमागे साधारण एका पायरीवर वेग वाढलेला दिसणारच नाही, उलट घटलेलाही दिसेल. म्हणजे दहा गोळ्यांच्या शिडीत दोनेक सपाट जागा फुकट मिळतात. दुसऱ्या दिवशी तीच शिडी पुन्हा झाडा, सपाट जागा दुसरीकडे सरकलेल्या दिसतील. ज्याला या पद्धतीवर विश्वास आहे त्याने ही दुसरी शिडी झाडून दोन्ही आलेख एकाच पानावर काढावेत. एवढं केलेले फार थोडे भेटतात.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. शिकारीची रायफल हलक्या नळीची असते. सलग दहा गोळ्यांनी नळी तापते आणि शिकारीत तर पहिलीच गोळी महत्त्वाची. अगदी खरं. म्हणून सलग दहा झाडू नका. तीन झाडा, नळी थंड होऊ द्या, पुन्हा तीन झाडा, पण वहीत ती सगळी एकाच मालिकेत मांडा. थंड नळीच्या पहिल्या गोळीत रस असेल तर प्रत्येक खेपेची पहिली गोळी वेगळ्या पानावर, त्याच निशाणबिंदूच्या संदर्भाने लिहीत जा. महिन्यांनी तयार होणारं ते पान शिकाऱ्याच्या दृष्टीने साऱ्या वहीपेक्षा मोलाचं असेल.

आणि ‘फ्लायर’. दोन छिद्रं चिकटलेली, तिसरं लांब. मग तिसरं माझ्या चुकीचं म्हणून नोंदीतून वगळलं. हे मुळीच चालणार नाही. ट्रिगर ओढताच, लक्ष्याकडे पाहण्याआधी, नेम चुकल्याचं तुम्ही म्हणाला असाल तरच ती गोळी वेगळी काढता येईल. तसं न करता लक्ष्य पाहून वगळलेली गोळी ही बहुधा त्या लोडची सर्वांत खरी माहिती असते.

मग चांगल्या नोंदीत काय असावं? पावडर, प्रायमर आणि बुलेट यांचे लॉट नंबर. केस कोणत्या कंपनीची आणि ती कितव्यांदा भरली. काडतुसाची लांबी, नळीतून आजवर गेलेल्या गोळ्यांची संख्या, हवेचं तापमान, स्कोपला त्या दिवशी दिलेले क्लिक. प्रत्येक गोळीचा वेग सुटा, नुसती सरासरी नव्हे. आणि वाईट ग्रुपही, त्याच अक्षरात. लॉट नंबर ही कारकुनी नव्हे. आयएमआर ४००७ एसएससी या पावडरचे काही लॉट वेगाने खराब होत असल्याने होजडन कंपनीने ते परत मागवले, आणि अशी पावडर आपोआप पेटूही शकते. ज्याने लॉट लिहिला नव्हता, त्याला आपल्या भरलेल्या काडतुसांत ती आहे का हे कळायला मार्ग नव्हता.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘मित्राच्या वहीतलं पावडरचं वजन माझ्याही रायफलीला चालेल.’ हा समज धोक्याचा आहे. केसची आतली जागा, चेंबरचा घसा, पावडरचा लॉट, सगळंच वेगळं असतं. एच४३५० आणि आयएमआर ४३५० या नावाने भावंडं वाटणाऱ्या दोन वेगळ्या पावडरी आहेत, आणि वहीत नुसतं ‘४३५०’ लिहिणारे मी पाहिले आहेत. आधार छापील मॅन्युअलचाच घ्यायचा, आणि सुरुवात त्यात दिलेल्या किमान वजनापासूनच करायची.

‘प्रायमर चपटा झाला नाही, म्हणजे दाब मर्यादेत आहे.’ प्रायमर कंपनीगणिक मऊ-कडक असतो. दाब पिझो सेन्सरने मोजतात, डोळ्याने नाही.

‘वकिलांच्या भीतीने नव्या मॅन्युअलमधले आकडे कमी केले.’ दाब मोजण्याची पद्धत तांब्याचा तुकडा चेपण्यावरून पिझो सेन्सरवर आली, शिवाय पावडर आणि बुलेटही बदलल्या.

‘वही ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे.’ अमेरिकेत स्वतःपुरतं भरणाऱ्याला नाही. विकण्यासाठी काडतुसं बनवायची तर संघीय परवाना लागतो.

‘मग आपणही पुण्यात सुरू करू.’ भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम ५ परवान्याशिवाय दारूगोळा बनवू देत नाही.

‘स्वप्निल कुसाळेसारखे नेमबाज स्वतःची काडतुसं भरत असतील.’ त्याने पॅरिसमध्ये २०२४ साली ५० मीटर रायफलच्या ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्यात .२२ रिमफायर काडतुसं वापरतात आणि ती स्पर्धेच्या दर्जाने घरी भरता येत नाहीत. तिथे नोंदी ठेवल्या जातात त्या लॉटच्या. बर्मिंगहॅमजवळच्या एलीसारख्या कंपन्यांच्या चाचणी केंद्रांत रायफल शिकंज्यात धरून एकेका लॉटची काडतुसं झाडतात आणि आपल्या नळीला मानवणारा लॉट नेमबाज साठवून ठेवतो.

राहिला प्रश्न जुन्या वह्यांचा, तीन-तीन गोळ्यांच्या ग्रुपांनी भरलेल्यांचा. त्या फेकू नका. एकाच लोडचे दहा ग्रुप एकाच निशाणबिंदूवर, स्कोप न हलवता झाडलेले असतील, तर लक्ष्याचे कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरा आणि सगळी छिद्रं एका कागदावर उतरवून घ्या. तीस गोळ्यांचा ग्रुप मिळेल. मधेच स्कोप फिरवला असेल तर प्रत्येक ग्रुपचा मध्य वेगळा काढून अंतरं एकत्र करता येतात. मात्र मध्य काढण्यात दर ग्रुपमागे एका गोळीइतकी माहिती खर्च होते, म्हणजे तीस गोळ्यांचं बळ वीसइतकंच उरतं. वगळलेले फ्लायर त्या कागदांवर अजून असतील तर तेही धरा.