मालवाहू पिकअप गाडीस तेल झेलणारा डबा : निवड, जोडणी व निगा

वर्धा जिल्ह्यांतील पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारांत आतां बंडीच्या शेजारीं पिकअप गाडी उभी असलेली दिसते. हिंगणघाटच्या बाजारांत कापूस न्यावयाचा असो, आर्वी-कारंजा भागांतील संत्रीं नागपूरच्या कळमना बाजारांत पोंचवावयाचीं असोत, किंवा समुद्रपूर तालुक्यांतील वायगांवची हळद गिऱ्हाइकाच्या दारीं उतरवावयाची असो, तें काम ही गाडीच करते. गाडी बहुधा कर्जाऊ रकमेनें घेतलेली असते, आणि कर्जाचा हप्ता पावसाची किंवा भावाची वाट पाहत नाहीं. ऐन हंगामांत इंजिन बिघडलें तर दुरुस्तीचा खर्च, बुडालेलें भाडें व थकलेला हप्ता असे तीन घाव एकदम बसतात. म्हणून इंजिनाचें आयुष्य वाढविणारी म्हणून जी जी वस्तु बाजारांत येते, तिचा खरा उपयोग किती व खोटा डौल किती, हें शेतकऱ्यानें स्वतः समजून घेतलें पाहिजे. अशीच एक वस्तु म्हणजे मिस्त्री लोक ज्यास ‘ऑइल कॅच कॅन’ म्हणतात तो तेल झेलणारा डबा होय. त्याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

इंजिनांत वाफ कोठून येते ?

डिझेल इंजिनांत हवा दाबून तिचें आकारमान मूळच्या सुमारें सोळाव्या ते अठराव्या हिश्श्याइतकें केलें जातें. त्या दाबानें हवा इतकी तापते कीं, तींत डिझेलचा फवारा पडतांच तें पेट घेतें. पिस्टनभोंवतीं ज्या रिंगा असतात त्या हा दाब अडवून धरतात. परंतु कोणतीहि रिंग तो पूर्णपणें अडवूं शकत नाहीं. कांहीं तप्त वायु रिंगांच्या फटींतून खालीं, क्रँकच्या पोकळींत उतरतो. नव्या इंजिनांत तो थोडा असतो, झिजलेल्या इंजिनांत पुष्कळ. तेथें फिरणाऱ्या क्रँकमुळें तेलाचे बारीक तुषार उडत असतात. ते तुषार, पाण्याची वाफ, न जळलेलें डिझेल व काजळी हीं सर्व त्या वायूंत मिसळतात.

या वायूस बाहेर पडण्यास वाट ठेवली नाहीं, तर आंतील दाब वाढून ऑइल सीलमधून तेल गळूं लागतें. म्हणून प्रत्येक इंजिनास ‘ब्रीदर’ असतो. विहिरीवरील जुन्या इंजिनांत व कित्येक ट्रॅक्टरांत ब्रीदरची नळी उघडीच खालीं सोडलेली असते, व तिच्या तोंडाशीं तेलकट थेंब जमलेला आपण पाहतों. मोटारींतहि पूर्वीं हीच पद्धत होती. परंतु हा वायु हवा दूषित करतो असें दिसून आल्यावर अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत १९६१ च्या नमुन्याच्या नव्या मोटारींपासून तो पुन्हां इंजिनाच्या श्वासनळींत सोडून जाळण्याची व्यवस्था आली. आपल्या देशांत १ एप्रिल २०२० पासून नव्या मोटारींस भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. आजच्या पिकअप गाडींत ब्रीदरची नळी टर्बोच्या अगोदर हवेच्या नळीस जोडलेली असते, व तेलकट वाफ पुन्हां इंजिनांत जाते.

या वाफेनें होतें काय ?

ही वाफ टर्बोंतून जाऊन हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमध्यें पोंचते. तेथें तेलाचे तुषार निवतात व आंतल्या बाजूस त्यांचा थर बसतो. इंजिनाच्या आणखी जवळ ईजीआरची वाट येऊन मिळते. ईजीआर म्हणजे नायट्रोजनचे विषारी वायु कमी व्हावेत म्हणून जळलेल्या धुराचा कांहीं भाग पुन्हां आंत घेण्याची योजना. हा धूर कोरडी काजळी आणतो, आणि ब्रीदर तेल आणतो. दिव्यावर धरलेली काजळी तेलातुपांत खलली म्हणजे काजळ तयार होतें, हें आपल्या घरांतील बायाबापड्यांस सांगावयास नको. तसेंच काळें, चिकट काजळ इंजिनाच्या श्वासनळींत सांचतें, वाट अरुंद होते, ओढ कमी होते, डिझेल अधिक लागतें व धूर वाढतो. भारत स्टेज सहाच्या ज्या गाड्यांस धुरांतील काजळी अडविणारी जाळी बसविलेली असते, त्यांची आणखी एक अडचण आहे. काजळी त्या जाळींत तापवून जाळतां येते. पण इंजिन तेलांतील क्षारांची राख जळत नाहीं, ती जाळींत कायमची सांचते.

डबा काय करतो व काय करीत नाहीं ?

भात शिजत असतां भांड्यावरील झाकणाच्या आंतल्या अंगास थेंब जमतात. डब्याचें तत्त्व हेंच. ब्रीदर व हवेची नळी यांच्यामध्यें हा डबा बसवितात. वाफ अरुंद नळींतून मोठ्या डब्यांत येतांच तिचा वेग मंदावतो, आंतील पडद्यांवर व जाळीवर ती आपटते, तेल व पाणी तळाशीं ठिबकतें, आणि बराचसा शुद्ध झालेला वायु पुढें जातो.

परंतु डबा हें औषध नव्हे. रिंगा झिजल्या असतील तर तो त्या भरून काढीत नाहीं. ईजीआरची काजळी तो अडवीत नाहीं, कारण ती त्याच्या वाटेनें येतच नाहीं. टर्बोच्या सीलमधून गळणारें तेलहि त्याच्या हातीं लागत नाहीं. डब्यानें गाडीचें बळ वाढतें किंवा डिझेल निम्म्यावर येतें, असें कोणी विक्रेता सांगेल तर त्यावर विश्वास ठेवूं नये.

म्हणून डबा घेण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, हवेचा फिल्टर. कापसाच्या हंगामांत आपल्या पांदणींतून काळ्या मातीची धूळ उडते; तिनें फिल्टर तुंबला कीं इंजिनाची ओढ वाढते व तें ब्रीदरमधून जास्त तेल खेंचतें. फाटक्या फिल्टरमधून तीच धूळ आंत गेली तर रिंगा व सिलिंडर खरवडले जातात. दुसरी, तेलाची पातळी. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षां अधिक भरलेलें तेल क्रँकच्या घुसळणीनें ब्रीदरमध्यें चढतें. तिसरी, कारखान्यानें बसविलेला मूळ तेल-विभाजक व त्याचा पडदा. तो फाटला असेल तर तोच बदलणें योग्य. या तिन्ही गोष्टी ठीक असून, गाडी फार चालणारी व जड ओझ्याची असेल, तरच डब्याचा विचार करावा. समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाल्यापासून तासन्‌तास भरलेल्या गाडीनें एकाच वेगानें धांवणाऱ्या गाड्या वाढल्या आहेत. अशा गाडींत वाफ जास्त निघते. गांवांतल्या गांवांत फिरणाऱ्या गाडीस या खर्चाची बहुधा गरज नसते.

डब्याची निवड

१. डबा आंतून पोकळ नसावा. रिकामा डबा दिसावयास सुंदर असला तरी वाफ एका तोंडानें येऊन दुसऱ्यानें तशीच निघून जाते. आंत पडदे व पोलादी जाळी किंवा काढून बदलतां येणारी गाळणी असावी.

२. तोंडांचा आंतील व्यास मूळ ब्रीदर नळीच्या व्यासाहून कमी नसावा. अरुंद तोंडानें आंतील दाब वाढतो व सीलें जातात. ही चूक सर्वांत अधिक घातक आहे.

३. डब्यांत निदान अर्धा लिटर तेल राहावें. लहान डबा लवकर भरतो, व मालक विसरला म्हणजे अनर्थ होतो.

४. डबा अॅल्युमिनियमचा किंवा पोलादी असावा. त्यास तेलाची पातळी दाखविणारी खूण व तळाशीं तेल सोडण्याची तोटी असावी. गाळणीचा डबा घ्यावयाचा तर गाळणी तुंबल्यास दाब आपोआप सुटेल अशी झडप त्यास असणें बरें.

५. वर लहान फिल्टर लावून वायु हवेंतच सोडणारा उघडा डबा घेऊं नये. त्यानें विषारी वास केबिनमध्यें येतो, इंजिनाभोंवतीं तेलाचा थर जमतो, आणि मूळ व्यवस्था मोडल्यानें कायद्याचाहि भंग होतो.

जोडणी

जोडणी इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, माहितगार मिस्त्रीकडून व आपल्या देखत करवावी.

१. डबा इंजिनावर न बसवितां बॉडीच्या भक्कम पत्र्यास, ब्रॅकेटनें व स्प्रिंग वॉशरसह घट्ट बसवावा. टर्बो व सायलेन्सरचा तप्त नळ यांपासून तो दूर असावा. पंख्याचा पट्टा व बॅटरी यांस त्याचा स्पर्श होऊं नये.

२. डबा ब्रीदरच्या तोंडापेक्षां खालच्या पातळीवर असावा, व इंजिनाकडून येणारी नळी डब्याकडे सरळ उतरती असावी. मध्यें झोळ पडला तर त्यांत तेल-पाणी सांचून वाट बंद होते.

३. पाण्याची साधी रबरी नळी वापरूं नये. तेलानें ती फुगते व मऊ पडते. तेल सोसणारी, जाड व ओढीनें न चेपणारी नळी घ्यावी. आपल्याकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हां नळी हलकी घेणें महागांत पडतें.

४. इंजिन हलतें, बॉडी त्याप्रमाणें हलत नाहीं. म्हणून नळींत थोडी सैल ठेवावी. प्रत्येक तोंडास क्लिप आवळावी.

५. येण्याचें व जाण्याचें तोंड उलटें जोडूं नये. मूळ नळी कापूं नये. ती काढून जपून ठेवावी, म्हणजे पुढें गाडी पूर्ववत् करतां येते.

६. जोडणी झाल्यावर इंजिन दहा-पंधरा मिनिटें चालवून सर्व सांधे पाहावे. शंभर किलोमीटर गेल्यावर क्लिपा पुन्हां आवळाव्या.

सांध्याची गळती क्षुल्लक समजूं नये. कापूस भरणाऱ्या गाडीच्या कानाकोपऱ्यांत रुईचे तंतु अडकलेले असतात. तेलानें भिजलेला तंतु तप्त नळावर पडला तर ठिणगीचीहि गरज लागत नाहीं, आणि मागें भरलेला असतो तो वर्षाचा कापूस.

निगा

प्रथम पांचशें किलोमीटरवर डबा उघडून पाहावा. नंतर हजार किलोमीटरवर. किती तेल जमतें हें वहींत तारखेसह लिहून ठेवावें, आणि त्यावरून रिकामा करण्याची मुदत ठरवावी. डबा अर्ध्याहून अधिक भरूं देऊं नये. भरलेला डबा चढावर किंवा खड्ड्यांत हिंदकळला तर तेल एकदम इंजिनांत ओढलें जातें. डिझेल इंजिन त्या तेलावरच भरधांव चालूं लागतें, आणि किल्ली बंद केली तरी थांबत नाहीं. असा प्रसंग आलाच तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर घालून क्लच सोडावा म्हणजे इंजिन दबून बंद पडतें. धांवत्या इंजिनाजवळ कोणासहि जाऊं देऊं नये.

जमलेल्या तेलाचा रंग पुष्कळ सांगतो. थंडींत, विशेषतः लहान फेऱ्यांनंतर, तें दुधट दिसलें तर तें गोठलेल्या वाफेचें पाणी होय. उन्हाळ्यांतहि तें सतत दुधट दिसेल व रेडिएटरचें पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची तपासणी करवावी. एरव्हीं थोडें असणारें तेल अचानक दुप्पट-तिप्पट जमूं लागलें, तर रिंगा किंवा टर्बो यांकडे लक्ष द्यावें. या दृष्टीनें डबा म्हणजे इंजिनाच्या प्रकृतीची नोंदवहीच आहे.

हें तेल पुन्हां इंजिनांत ओतूं नये. त्यांत पाणी, डिझेल व आम्ल असतें. तें बंडीच्या आंसास किंवा वाळवीसाठीं लांकडास लावण्याचा मोह होतो, पण तोहि टाळावा. बांधावर किंवा विहिरीजवळ तर तें मुळींच सांडूं नये. बंद डब्यांत सांठवून वर्कशॉपच्या जुन्या तेलाबरोबर द्यावें.

कायद्याची बाजू

आमचें आयुष्य महसुलाच्या दफ्तरांत गेल्यामुळें कागद पाहिल्याशिवाय कोणतीहि गोष्ट करूं नये, अशी आमची संवय आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणें नोंदणीच्या व कारखान्याच्या तपशिलाशीं विसंगत असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं. सन २०१९ च्या दुरुस्तीनें आलेल्या कलम १८२-अ प्रमाणें परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारास पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. डब्याविषयीं शंका असल्यास वर्ध्याच्या परिवहन कार्यालयांत लेखी विचारावें व उत्तर जपून ठेवावें. हमीची मुदत चालू असेल तर कंपनीच्या सर्व्हिस केंद्राचें लेखी मत घेतल्यावांचून कांहींहि बसवूं नये. इंजिनाचा दावा पुढें याच कारणानें नाकारला जाण्याचा संभव असतो. विमा कंपनीसहि कळवावें. तोंडी होकारावर विसंबून राहूं नये. संकटाच्या वेळीं तोंडी शब्दाचा उतारा मिळत नाहीं.

सारांश

वेळेवर तेल बदलणें, फिल्टर स्वच्छ ठेवणें व तेलाची पातळी सांभाळणें हीं इंजिनाचीं पहिलीं तीन रक्षणें होत. तीं ज्याच्याकडून होत नाहींत, त्यानें डब्यावर पैसा घालणें म्हणजे बांध फुटलेला असतां विहिरीस कठडा बांधण्यासारखें आहे. ज्याच्याकडून तीं होतात, ज्याची गाडी हमीच्या मुदतीबाहेर आहे, जो लांबचें व जड भाडें करतो व डबा नियमानें रिकामा करण्याची ज्याची तयारी आहे, त्यास हा डबा उपयोगी पडेल. ज्यास इतकें लक्ष पुरवणें शक्य नाहीं, त्यानें तो न बसविणेंच श्रेयस्कर. कारण विसरलेला डबा मुळींच नसलेल्या डब्यापेक्षां अधिक नुकसान करतो. आमच्या सभासद बंधूंनीं हा हिशेब स्वतःच्या गाडीपुरता मांडावा, व मगच खिशांत हात घालावा.