वास येतो, पण दारूचाच कशावरून?

नगरच्या कोर्टकचेऱ्या : लेखांक ७

मुंबई दारूबंदी कायदा १९४९ साली झाला, तेव्हा मुंबई विधानसभेचे अध्यक्ष नगरचेच वकील होते, भाऊसाहेब फिरोदिया. गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या आग्रहाने ६ एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण दारूबंदी आली. कायदा मुंबईत मंजूर झाला. तो कोर्टात टिकवायचं काम मात्र तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटपुढे उभ्या राहणाऱ्या पोलीस प्रॉसिक्युटरच्या गळ्यात पडलं. मागच्या लेखात पंचनामा पाहिला. आज तो हातात घेऊन केस चालवणाऱ्या या माणसाकडे वळू.

हातभट्टीची केस त्यातल्या त्यात सोपी. ओढ्याकाठी गूळ-नवसागराचं रसायन सापडलं, डबे जप्त झाले, नमुन्याच्या बाटलीला सील लागलं, की निम्मं काम मुद्देमालच करायचा. अडचण पंचांची. गावातल्याच माणसाविरुद्ध साक्षीला उभा राहिलेला पंच 'सही माझी, पण कागद कोरा होता' म्हणून फितूर व्हायचा.

प्यायलेल्याची केस त्याहून अवघड. तोंडाला वास, डोळे लाल, चालताना झोकांड्या, एवढं डॉक्टरांनी लिहिलं की शिक्षा लागणारच, अशी ठाण्यातली समजूत. पण १९५१ च्या बलसारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने अल्कोहोलयुक्त औषधं आणि प्रसाधनं यांच्यापुरती बंदी रद्द ठरवली होती. पुढे मुंबईतले परिवहन अधिकारी पेसिकाका यांनी, जीपच्या अपघातानंतर वास आला तो बी. जी. फॉस या टॉनिकचा, असा बचाव घेतला. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बहुमताने त्यांना दारूच्या आरोपातून सोडलं. पोटात गेलेलं अल्कोहोल बंदी असलेल्या दारूचंच होतं, हे सरकारने सिद्ध करायला हवं, असा त्याचा अर्थ. त्यानंतर आरोपीच्या वकिलाला उलटतपासात एकच प्रश्न पुरेसा होता : 'डॉक्टरसाहेब, हा वास औषधाचा नाही कशावरून?'

यावर सरकारने १९५९ मध्ये कायदा दुरुस्त केला. रक्तात ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त अल्कोहोल निघालं, तर आपण औषधच घेतलं हे आरोपीने दाखवायचं. सरकारच्या डोक्यावरचा भार उतरला, पण सोबत रक्त काढण्याचे नियम आले. सिरिंज उकळत्या पाण्यात शुद्ध करायची. कातडी पुसायला स्पिरिट वापरायचं नाही, नाहीतर तेच अल्कोहोल नमुन्यात उतरेल. किमान पाच सीसी रक्त, ते गोठू नये म्हणून बाटलीत आधीच घातलेलं रसायन, वर सील, आणि सात दिवसांच्या आत रवानगी केमिकल ॲनालायझरकडे. यातली एक कडी निसटली तरी बचावाचा वकील ती बरोबर पकडायचा.

म्हणून जाणता प्रॉसिक्युटर रिपोर्टातला आकडा शेवटी बघायचा. आधी तारखा जुळवायचा, सीलचा ठसा तपासायचा, आणि डॉक्टरांच्या सरतपासातच विचारून घ्यायचा : 'कातडी कशाने पुसली?' पुढच्या पक्षाने विचारायच्या आत उत्तर रेकॉर्डवर आलं, की केस अर्धी जिंकली.

१ एप्रिल १९७४ पासून नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने या कामासाठी असिस्टंट पब्लिक प्रॉसिक्युटर नेमायला सांगितलं. पोलिसाच्या जागी वकील उभा राहू लागला. त्याने काय बदललं, ते पुढच्या आठवड्यात.