एक मोजतो, दुसरा लिहितो

विज्ञान प्रदर्शन जवळ आले की वर्गात जोड्या जमू लागतात. "दोघांनी मिळून एक प्रकल्प करा," असे शिक्षक सांगतात. मग विषय कोणता घ्यायचा, साहित्य कोठून आणायचे, तक्ता कोणी रंगवायचा, यावर भरपूर चर्चा होते. पण प्रयोग चालू असताना एकमेकांशी बोलायचे कसे, याची चर्चा सहसा कोणी करीत नाही. त्यात काय ठरवायचे, असे तुम्हांला वाटेल. एक साधा प्रयोग घेऊन पाहू या.

दोरा, छोटी जड गोळी, मीटरपट्टी आणि विरामघड्याळ एवढे साहित्य पुरे. विरामघड्याळ नसेल तर मोबाईलमधले चालेल. दोऱ्याला गोळी बांधून साधा लंबक तयार करा. त्याची लांबी बरोबर १ मीटर ठेवा. लंबक थोडासाच बाजूला ओढून सोडा आणि २० आंदोलनांना किती वेळ लागतो ते पाहा. त्या वेळेला २० ने भागले की एका आंदोलनाचा वेळ, म्हणजे दोलनकाल मिळतो. आता ३९.४८ या संख्येला मीटरमधल्या लांबीने गुणा आणि दोलनकालाच्या वर्गाने भागा. येणारे उत्तर म्हणजे गुरुत्वत्वरण. महाराष्ट्रात ते सेकंदाला सेकंदाला ९.७८ ते ९.७९ मीटरच्या आसपास असते.

समजा, तुम्ही लंबक सोडून आंदोलने मोजता आहात आणि जोडीदार घड्याळ सांभाळतो आहे. तुम्ही गोळी सोडताना "शून्य" म्हणालात, पुढे एक, दोन असे मोजत "वीस" म्हणालात. घड्याळात ४०.२ सेकंद झाले. दोलनकाल २.०१ सेकंद आणि गुरुत्वत्वरण ९.७७. छान!

आता कामांची अदलाबदल करा. गोळी सोडतानाच जोडीदार "एक" म्हणतो. तो "वीस" म्हणेल तेव्हा खरी आंदोलने १९च झालेली असतात. घड्याळ ३८.२ सेकंद दाखवते. वहीत मात्र आंदोलने २० लिहिली जातात. दोलनकाल १.९१ येतो आणि गुरुत्वत्वरण १०.८२! घड्याळ चांगले होते, दोरा मीटरभरच होता, सूत्रही बरोबर होते. मोजायला शून्यापासून सुरुवात करायची की एकापासून, एवढे बोलायचे राहिले आणि उत्तर दहा टक्क्यांहून अधिक चुकले.

दुसरा घोटाळा 'आंदोलन' या शब्दाचा. गोळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन पुन्हा परत आली म्हणजे एक आंदोलन पूर्ण होते. एखादा जोडीदार केवळ जाण्यालाच आंदोलन समजला, तर त्याच्या २० आंदोलनांना २०.१ सेकंदच लागतील आणि गुरुत्वत्वरण ३९ च्या वर जाईल. हे उत्तर इतके विचित्र आहे की चूक लगेच लक्षात येते. तिसरा घोटाळा लांबीचा. लंबकाची लांबी टांगलेल्या ठिकाणापासून गोळीच्या मध्यापर्यंत मोजायची असते. जोडीदाराने गोळीच्या कडीपर्यंतच १०० से.मी. मोजले आणि मध्य त्याखाली दीड सेंटिमीटरवर असला, तर उत्तर सुमारे दीड टक्क्याने कमी येते. ही चूक मात्र गुपचूप बसून राहते.

आता तुमच्या वहीत काही वेळा ४०.२ च्या आसपासच्या आणि काही ३८.२ च्या आसपासच्या आहेत. "जाऊ दे, सरासरी काढू," असे म्हणण्याचा मोह होतो. सरासरी ३९.२ येते आणि गुरुत्वत्वरण १०.२८. तेही चूकच! सरासरीने जोडीतला वाद मिटतो, चूक मिटत नाही. कधी थोडे जास्त, कधी थोडे कमी असे फरक सरासरीत एकमेकांना खाऊन टाकतात. पण दर वेळी एकाच बाजूला होणारी चूक सरासरीत तशीच उरते.

याहून वाईट मोह म्हणजे पुस्तकातले ९.८ आठवून वहीतले आकडे 'सुधारणे'. तसे केले तर प्रयोग तिथेच संपला. जे उत्तर आधीच माहीत आहे ते उतरवून घ्यायला दोरा टांगण्याची गरजच काय?

मग दोघांची मोजमापे जुळत नसतील तर करावे काय? त्यासाठी एक जुनी हकिकत ऐका. इंग्लंडमधल्या ग्रिनिच वेधशाळेत नेव्हिल मॅस्केलिन हे राजज्योतिषी होते आणि डेव्हिड किनेब्रुक हा त्यांचा सहायक होता. तारा दुर्बिणीतल्या बारीक तारेपाशी नेमका केव्हा येतो, हे घड्याळाची टिकटिक ऐकत ठरवायचे, असे त्यांचे काम होते. सहायकाने नोंदलेल्या वेळा मॅस्केलिन यांच्या वेळांपेक्षा उशिराच्या येऊ लागल्या. हा फरक वाढत वाढत सुमारे ०.८ सेकंदापर्यंत गेला. त्याला ताकीद दिली, तरी फरक राहिलाच. शेवटी १७९६ साली किनेब्रुकची नोकरी गेली.

पुढे फ्रीडरिख बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाच्या वाचनात ही हकिकत आली. चूक कोणाची, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. १८२० च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या आणि दुसऱ्या कसलेल्या ज्योतिर्विदांच्या वेळा ताडून पाहिल्या. तेव्हा असे दिसले की तरबेज माणसांतही असा फरक पडतो आणि तो बहुधा एकाच दिशेचा असतो. पाहणे, ऐकणे आणि दोन्हींचा मेळ घालणे प्रत्येकाला सारखे जमत नाही. पुढे या फरकाला 'वैयक्तिक समीकरण' असे नाव पडले आणि ज्योतिर्विद तो फरक मोजून हिशेबात धरू लागले. ज्या फरकापायी एकाची नोकरी गेली, तोच फरक पुढे अभ्यासाचा विषय झाला.

म्हणून दोघांचे आकडे जुळले नाहीत तर "तुझेच चुकले" असे म्हणू नका आणि आकडा लपवूही नका. "तू कसे मोजलेस ते मला करून दाखव," असे म्हणा. आपल्या लंबकाच्या बाबतीत 'शून्य' आणि 'एक' यांचे कोडे एवढ्याने अर्ध्या मिनिटात सुटले असते.

अशी चूक केवळ शाळेतच होते असे समजू नका. अमेरिकेने डिसेंबर १९९८ मध्ये मंगळाकडे हवामान पाहणारे एक यान पाठवले होते. ते २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ नाहीसे झाले. यान बांधणाऱ्या कंपनीच्या संगणकातून यानाला बसणाऱ्या रेट्यांचे आकडे पौंडांच्या हिशेबात येत होते. मार्ग आखणारा गट तेच आकडे न्यूटनच्या हिशेबातले समजत होता. एक पौंड बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. ठरलेल्यापेक्षा कितीतरी खाली, सुमारे ५७ किलोमीटर उंचीवरून यान मंगळाच्या वातावरणात शिरले. दोन्ही गटांत जाणते लोक होते. पण एकाने दिलेला आकडा दुसऱ्याने कोणत्या एककात घ्यायचा, हे पडताळून पाहिले गेले नाही. चौकशीतही गटागटांतील संपर्क अपुरा पडल्याचे नमूद झाले.

आता काही उपयोगी सवयी पाहू.

प्रयोगापूर्वी वहीच्या पहिल्या पानावर दोघांनी मिळून लिहा: आंदोलन म्हणजे काय, मोजणी शून्यापासून, लांबी कोठून कोठपर्यंत, एकके कोणती. प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहा. नुसता '१००' हा आकडा म्हणजे पत्ता नसलेले पत्र!

मोजणाऱ्याने आकडा सांगितला की लिहिणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणावा आणि मोजणाऱ्याने "बरोबर" म्हणावे. आपल्या मराठीत याची विशेष गरज आहे. पंचावन्न आणि पंच्याण्णव, सदतीस आणि सदुसष्ट हे गडबडीत सारखे ऐकू येतात. शिवाय त्रेपन्न म्हणताना तीन आधी येतो आणि लिहिताना पाच आधी. म्हणून "त्रेपन्न, पाच तीन" असे सुटे अंकही सांगा.

मोजताना शेवटचे आकडे मोठ्याने म्हणा: "सतरा, अठरा, एकोणीस, वीस!" डोळ्याने पाहून बोट दाबायला माणसाला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो. सुरुवातीला "तीन, दोन, एक, शून्य" असे सांगून घड्याळ चालू केले आणि शेवटी एकदम "झाले!" ओरडलात, तर जोडीदाराचे बोट शेवटी जास्त उशीर करील. दोन्ही वेळी सारखी सूचना मिळाली, तर दोन्हीकडचा उशीर जवळजवळ सारखा होतो आणि वजाबाकीत निघून जातो.

चुकलेला आकडा खोडरबराने पुसू नका. त्यावर एक रेघ मारून शेजारी नवा लिहा. प्रत्येक नोंदीपुढे मोजणाऱ्याच्या नावाचे आद्याक्षर घाला. कोणाला पकडण्यासाठी नव्हे, तर दोघांच्या मोजण्यातला फरक ओळखता यावा म्हणून. अर्धा प्रयोग झाला की कामे बदला.

राहता राहिली कामाची वाटणी. "मी प्रयोग करतो, तू तक्ता रंगव," ही वाटणी सोपी दिसते, पण मग तक्ता रंगवणाऱ्याला परीक्षकांच्या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत आणि त्याच्या हाती प्रकल्पाचा रंगच तेवढा लागतो. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी एकमेकांना उलटे प्रश्न विचारा. जोडीदाराने केलेला भाग तुम्ही समजावून सांगा, तुमचा भाग त्याला सांगू द्या. जिथे अडाल, तिथे अजून बोलायचे राहिले आहे असे समजा. एखादा काम टाळत असेल, तर शिक्षकांकडे जाण्याआधी त्यालाच विचारा. कित्येकदा त्याला काय करायचे ते नीट कळलेले नसते. "लांबी तू मोज, गुरुवारी मधल्या सुट्टीत," असे नेमके काम आणि नेमकी वेळ ठरली की बरेच अवघडलेपण निघून जाते.

आज संध्याकाळीच दोरा टांगा आणि मित्राला किंवा मैत्रिणीला बोलवा. आधी काहीही न ठरवता दोघांनी पाच-पाच वेळा मोजा. मग वर सांगितल्याप्रमाणे सारे ठरवून पुन्हा मोजा. दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवून पाहा. बोलण्याने किती फरक पडतो, हे तुमचेच आकडे तुम्हांला सांगतील.