मुंबई बंदर ते एमएच 37: परदेशी जुन्या गाडीची पंचवीस वर्षे

वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला आणि पुढे एमएच 37 ही पाटी रस्त्यावर दिसू लागली. त्यानंतर तीन वर्षांच्या आतच, 1 एप्रिल 2001 पासून, परदेशात वापरलेली मोटार भारतात आणण्याचे दार सर्वांसाठी उघडले. कागदावर उघडले, असे म्हणणे जास्त खरे ठरेल. रिसोड, कारंजा, मंगरुळपीर या गावांतली मुले इंग्लंड-ऑस्ट्रेलियात शिकायला, नोकरीला जाऊ लागल्यापासून एक प्रश्न घरोघरी निघतो: तिकडची गाडी इकडे आणता येईल का? तिकडे जुन्या गाड्या स्वस्त मिळतात हे सर्वांना ठाऊक असते. इथे पोहोचेपर्यंत त्या स्वस्ताईचे काय होते, याचा हिशेब मात्र बहुधा फार उशिरा मांडला जातो.

2001 पूर्वी हा प्रश्न जवळजवळ नव्हताच. 1953 नंतर सरकारने देशात उत्पादन करणाऱ्या कंपन्यांनाच पाठबळ दिले. मुंबईत गाड्यांची जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला आणि कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाईल्स मोठी झाली. पुढच्या तीन दशकांत परदेशी गाडी दिसली तर ती वकिलातीतून सुटलेली असे. वकिलातींच्या जुन्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात आणि त्या विकत घेण्याची ऐपत मूठभरांचीच होती. मायदेशी कायमचे परतणाऱ्याला स्वतःची गाडी आणण्याची वेगळी सवलत होती, पण तिचा लाभ घेणारे थोडे.

जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेने भारताच्या आयातबंधनांविरुद्ध तक्रार केली आणि 1999 मध्ये निकाल भारताच्या विरोधात गेला. मग दोन टप्प्यांत बंधने उठवावी लागली. दुसरा टप्पा म्हणजेच 1 एप्रिल 2001. त्या काळी देशातल्या कारखानदारांच्या मनात धास्ती होती ती जपानची. जपानमध्ये तपासणीचे नियम कडक असल्याने थोडी वर्षे चाललेली, चांगल्या अवस्थेतली उजव्या स्टिअरिंगची गाडी लोक लवकर काढून टाकतात. अशा गाड्या जहाजे भरभरून आल्या, तर इथला नवा उद्योग तग धरेल का? पिंपरीत बनणारी टाटांची इंडिका 1998 च्या डिसेंबरात नुकती बाजारात आली होती. त्या परिस्थितीत ही भीती अनाठायी नव्हती, असे मला आजही वाटते.

उत्तर म्हणून सरकारने दुहेरी भिंत बांधली. 28 फेब्रुवारी 2001 च्या अर्थसंकल्पात यशवंत सिन्हा यांनी जुन्या गाड्यांवरचे मूळ सीमाशुल्क 35 वरून 105 टक्क्यांवर नेले. बाकीचे कर धरून एकूण बोजा सुमारे 180 टक्के झाला. दुसरी भिंत अटींची. गाडी बनवल्यापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नको. स्टिअरिंग उजवीकडे हवे. आयातीनंतर किमान पाच वर्षे ती रस्त्यावर चालण्याजोगी असल्याचा दाखला हवा. उतरवायची ती मुंबईच्याच बंदरात. नागपुरात कंटेनर डेपो आहे, पण विदर्भातल्या माणसाला या कामी त्याचा उपयोग नाही. गाडी निघण्यापूर्वी परदेशातल्या मान्यताप्राप्त संस्थेची तपासणी, आणि इथे आल्यावर पुण्याची एआरएआय किंवा अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, व्हीआरडीई यांसारख्या संस्थेत पुन्हा चाचणी.

उजव्या स्टिअरिंगची अट आखातात राबणाऱ्यांसाठी सगळा विषयच संपवते. दुबई, सौदी, कतार येथे स्टिअरिंग डावीकडे असते. आपल्याकडून तिकडे गेलेला वाहनचालक किंवा फिटर दहा वर्षे जपलेली गाडी आणायचे स्वप्न पाहतो, तेव्हा कराचा आकडा काढायचीही गरज उरत नाही.

सीमाशुल्काचे गणित मराठी घरांत पहिल्यांदा चर्चेला आले ते एका नव्या गाडीमुळे. 2002 मध्ये सचिन तेंडुलकरने डॉन ब्रॅडमनच्या 29 कसोटी शतकांची बरोबरी केली आणि फियाटने त्याला फेरारी 360 मॉडेना भेट दिली. गाडी मायकेल शूमाकरच्या हातून मिळाली. तिच्यावरचे सुमारे 1.13 कोटींचे शुल्क सरकारने माफ केल्याचे कळताच वाद पेटला, न्यायालयात याचिका गेली आणि शेवटी ते पैसे फियाटने भरले. भेट मिळालेल्या गाडीवरही इतका कर लागतो, ही गोष्ट अनेकांना तेव्हाच समजली.

आता खरा हिशेब. सर्वांत मोठा गैरसमज असा, की परदेशात ज्या भावाने गाडी घेतली त्या भावावर कर बसतो. कस्टम मात्र साधारणपणे ती गाडी नवी असतानाची किंमत पायाला धरते आणि त्यातून ठरलेली घट वजा करते: पहिल्या वर्षी तिमाहीला 4 टक्के, दुसऱ्या वर्षी 3, तिसऱ्या वर्षी अडीच. म्हणजे दोन वर्षांच्या गाडीला 28 टक्के घट. तिकडच्या बाजारात ती निम्म्या भावात मिळाली असली तरी इथे तो भाव कुणी ऐकत नाही.

समजा, नवी असताना 20 लाखांची एसयूव्ही आहे. दोन वर्षांची घट जाऊन 14 लाख 40 हजार. जहाजभाडे आणि विमा 1 लाख 60 हजार धरला तर करासाठी मूल्य झाले 16 लाख. अलीकडच्या बऱ्याच वर्षांत मूळ सीमाशुल्क 125 टक्के होते, म्हणजे 20 लाख. त्या शुल्कावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, 2 लाख. बेरीज 38 लाख. इथपर्यंत आलेला माणूस सुटकेचा श्वास टाकतो, आणि इथेच जीएसटी येतो. तो 16 लाखांवर लागत नाही, सीमाशुल्क मिळवून झालेल्या 38 लाखांवर लागतो. करावर कर. 28 टक्के जीएसटी आणि मोठ्या एसयूव्हीवरचा 22 टक्के उपकर मिळून 19 लाख. सोळा लाखांची गाडी 57 लाखांना पडली.

2025 मध्ये दोन बदल झाले आणि दोन्ही वेळा गाड्या स्वस्त होणार अशी चर्चा रंगली. फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात जुन्या गाडीवरचे मूळ शुल्क 125 वरून 70 टक्क्यांवर आणले. बातमीचा मथळा इथे संपला. सोबत कृषी पायाभूत सुविधा उपकर 67.5 टक्के लावला गेला आणि समाजकल्याण अधिभार काढला. पूर्वी 125 आणि 12.5 मिळून 137.5 होत होते, आता 70 आणि 67.5 मिळून तेच 137.5 होतात. ग्राहकाच्या खिशात रुपयाचाही फरक पडला नाही. 22 सप्टेंबरचा जीएसटी बदल मात्र खरा होता: जीएसटीसोबतचा उपकर गेला, मोठ्या गाड्यांना सरसकट 40 टक्के आले. आपल्या उदाहरणात 19 लाखांच्या जागी 15 लाख 20 हजार, आणि गाडी 53 लाख 20 हजारांना.

यानंतर वाशिमच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात पासिंग. महाराष्ट्रात साध्या पेट्रोल गाडीचा एकरकमी कर किमतीनुसार 11 ते 13 टक्के आहे, आयात गाडीला थेट 20 टक्के. जुलै 2025 पासून या कराची कमाल मर्यादा 20 लाखांवरून 30 लाख केली आहे. म्हणजे आणखी काही लाख.

कायमचे परतणाऱ्यांची सवलतही नीट समजून घ्यायला हवी. दोन वर्षे सलग परदेशात राहिलेला आणि गाडी किमान एक वर्ष स्वतःकडे बाळगलेला माणूस परवान्याशिवाय एक गाडी आणू शकतो. ही सवलत परवान्यातून आहे, करातून नाही. घरसामानावर सूट मिळते म्हणून गाडीवरही मिळेल, असे धरून जहाजाचे पैसे भरणाऱ्यांना बंदरावर फार मोठा धक्का बसतो. तिकडे गाडी विकून इकडे नवी घेणे हाच बहुतेक कुटुंबांसाठी शहाणपणाचा मार्ग आहे, हे मी स्पष्ट सांगतो.

उद्योगाला संरक्षण द्यायला माझा विरोध नाही. पण पाव शतक इतका उंच कर ठेवला की त्याच्या आडोशाने चोरवाटाही पडतात. सप्टेंबर 2025 मध्ये केरळात सीमाशुल्क विभागाने ‘ऑपरेशन नुमखोर’ राबवले. भूतानमधून आणलेल्या जुन्या गाड्या दुसऱ्या राज्यांत नोंदवून विकल्याच्या संशयावरून नामवंत अभिनेत्यांच्या घरांपर्यंत झडत्या गेल्या. अशी गाडी तीन-चार हात फिरून कुठल्याही जिल्ह्यात पोहोचू शकते. समृद्धी महामार्गामुळे वाशिम जिल्ह्यातले शेलूबाजार आणि मालेगाव थेट मोठ्या शहरांच्या बाजाराशी जोडले गेले आहेत, आणि परराज्यातल्या जुन्या गाड्यांचा व्यवहार आपल्याकडे नवा नाही. हैदराबादेतून किंवा दिल्लीतून आणलेली गाडी एनओसी घेऊन, बारा महिन्यांत पुन्हा नोंदवून, इथला कर भरून एमएच 37 करता येते. त्यात काही गैर नाही.

परदेशी बनावटीची गाडी अशा वाटेने समोर आली, तर फक्त आरसी बुक पाहून पैसे देऊ नयेत. ती रीतसर आयात झालेली असेल तर तिचे ‘बिल ऑफ एंट्री’ असणारच. विक्रेत्याकडून त्याचा क्रमांक, तारीख आणि बंदर मागून घ्यावे आणि सीमाशुल्काच्या आइसगेट संकेतस्थळावर ते पडताळावे. चॅसी क्रमांक आणि उत्पादनाचे वर्ष त्या कागदाशी जुळते का, आयातीच्या दिवशी गाडी किती जुनी होती, हेही पाहावे. कस्टमला शुल्क चुकवल्याचे आढळले तर गाडी ज्याच्या दारात उभी असेल तिथून ती जप्त होते, मग त्याने पूर्ण किंमत मोजलेली असली तरी.