पेडल स्वस्त, आवाज मस्त!

मंडळी, आपल्या घरांत पेटी आहे, तबला आहे, कुणाकडे तंबोरा गवसणीत गुंडाळून कपाटावर ठेवलेला आहे. आणि आता बऱ्याच घरांच्या बेसमेंटमध्ये इलेक्ट्रिक गिटारही मुक्कामाला आली आहे. मुले (आणि मुलीही, बरं का!) मिडल स्कूलमध्ये गेली की कधीतरी जेवताना विषय निघतो, "आई, मला पेडल हवंय." सायकलचे नव्हे, गिटारचे! आई बाबांकडे बघते, बाबा वरणभाताकडे बघतात.

मंडळाच्या वाद्यवृंदाची साउंडची बाजू सांभाळणारे आम्ही चार-पाच जण. तालमीला मुलांना सोडायला आलेले पालक आम्हाला हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, "हा आवाज बिघडलाय, की असाच असतो?" दुसरा, "यात किती पैसे घालायचे?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पेडल चुकीचे आले किंवा चुकीच्या ॲम्प्लिफायरला जोडले, तर पैसे जातात, घरात कटकट होते आणि पोर महिन्याभरात गिटार कोपऱ्यात ठेवते. तसे होऊ नये म्हणून हा लेखप्रपंच.

फाटका आवाज की भरलेला?

आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी व्हॉल्व्हचा रेडिओ पाहिला असेल. बटण फिरवल्यावर तो आधी तापायचा, मग बोलायचा, आणि आवाज फार मोठा केला की गाणे फाटायचे. गिटारच्या जुन्या पद्धतीच्या ॲम्प्लिफायरमध्ये तेच व्हॉल्व्ह असतात. इथे त्यांना ट्यूब म्हणतात. ट्यूबला झेपेल त्याहून मोठा सिग्नल दिला की ध्वनिलहरीचे शेंडे सपाट होतात. शेंडे सपाट झाले की मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे उपस्वर जोराने ऐकू येऊ लागतात. आवाज दाट होतो, स्वर जास्त वेळ टिकतो. यालाच म्हणायचे ओव्हरड्राइव्ह.

तंबोऱ्याची जवारी लावताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे चटकन कळेल. घोडीवरचा दोरा योग्य जागी सरकला की कोरडी तार एकदम गुंजू लागते, कारण तिचे उपस्वर खुलतात. दोन्हींमागची क्रिया वेगळी, पण कानाला मिळणारी मेजवानी एकाच जातीची. म्हणून "काय हा फाटका आवाज!" म्हणण्याआधी एकदा तंबोरा आठवावा.

पूर्वी हा आवाज मिळवायचा म्हणजे ॲम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळावा लागे. मग १९६२ साली माएस्ट्रो फझ-टोन नावाची पायाने दाबायची डबी बाजारात आली. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ती वापरली आणि तिचा बोलबाला झाला. फझचा आवाज तसा राकट. ट्यूबच्या जवळ जाणारा मऊ आवाज देणारी पेडले पुढे जपानी कंपन्यांनी लोकप्रिय केली. बॉसचे ओडी-१ १९७७ चे, आयबानेझचे ट्यूब स्क्रीमर १९७९ चे आणि बॉसचे एसडी-१ १९८१ चे. टेक्सासच्या स्टीव्ही रे वॉनने फेंडरच्या ॲम्प्लिफायरपुढे ट्यूब स्क्रीमर ठेवून जो ब्लूज वाजवला, त्यामुळे ही हिरवी डबी जगभर गेली. इलेक्ट्रिक गिटार आपल्यालाही परकी नाही. १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा'मधल्या 'दम मारो दम'ची गिटार भूपिंदर सिंग यांची आहे, हे मुलांना जरूर सांगा. घरातले वजन थोडे वाढेल!

डबीच्या आत काय असते?

ट्यूब स्क्रीमरच्या पोटात एक छोटी चिप असते, आणि शेंडे सपाट करायला दोन डायोड. दोन्ही बाजूंचे शेंडे सारखेच कापले जातात. एसडी-१ मध्ये डायोड तीन, एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक, म्हणून वरचे व खालचे शेंडे कमीजास्त कापले जातात आणि आवाजाचा पोत थोडा बदलतो. दोन्ही पेडले बेस जरा कमी करतात आणि मधला आवाज, म्हणजे मिड, पुढे आणतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचे सगळे गणित हिच्यावरच आहे.

वर बटणे तीनच. ड्राइव्ह म्हणजे किती फाडायचे, टोन म्हणजे किती टोकदार, लेव्हल म्हणजे किती मोठ्याने पुढे पाठवायचे. आणि वापरायच्या रीती दोनच. पहिली रीत: ड्राइव्ह वाढवायचा, लेव्हल बेताची, फाडायचे काम पेडल करते आणि ॲम्प्लिफायर फक्त आवाज मोठा करतो. दुसरी रीत: ड्राइव्ह जवळजवळ शून्य, लेव्हल भरपूर, पेडल मागून धक्का देते आणि फाडायचे काम ॲम्प्लिफायरची ट्यूब करते. कोणती रीत घ्यायची हे ॲम्प्लिफायर ठरवतो. एकच मसाला आमटीत आणि उसळीत सारखा पडत नाही, तसेच हे.

जसा ॲम्प्लिफायर, तशी रीत

*घरातला छोटा ट्रान्झिस्टरचा डबा.* दहा-पंधरा वॉटचा, गिटारबरोबर संचात मिळालेला. बहुतेक घरांत हाच असतो. त्याचा स्वतःचा 'गेन' किंवा 'डिस्टॉर्शन' चॅनेल बहुधा कर्कश असतो. तो बंद करा, क्लीन चॅनेल लावा, बेस थोडा वाढवा आणि पहिली रीत वापरा. पेडलचा टोन मध्याच्या जरा खाली ठेवा. इथे लेव्हल वाढवून धक्का देण्यात अर्थ नाही. ट्रान्झिस्टर ट्यूबसारखा हळूहळू फाटत नाही, एकदम खरखरतो.

*फेंडर पद्धतीचा ट्यूबचा ॲम्प्लिफायर.* ब्लूज ज्युनियर १५ वॉटचा, डिलक्स रिव्हर्ब २२ वॉटचा, ट्विन रिव्हर्ब तब्बल ८५ वॉटचा. यांचा आवाज स्वच्छ, घंटेसारखा, पण मधला भाग जरा खोलगट. ट्यूब स्क्रीमर नेमका तोच भाग भरतो, म्हणून ही जोडी जमली. ट्विनवर पहिली रीतच चालते, कारण तो स्वतः फाटायला लागेपर्यंत शेजारी दारात उभे राहतील! ब्लूज ज्युनियरवर दुसरी रीतही सुरेख लागते.

*मार्शल पद्धतीचा.* याच्यात मधला आवाज आधीच भरपूर असतो. त्यावर पेडलचा ड्राइव्ह वाढवला तर सगळा गिचका होतो. इथे दुसरी रीत. ॲम्प्लिफायर आधी थोडा फाटेल इतका लावा, मग पेडल ड्राइव्ह शून्याजवळ ठेवून दाबा. पेडल बेस कमी करत असल्यामुळे खालच्या तारांचा चिखल होत नाही, आवाज आवळून येतो.

*व्हॉक्स पद्धतीचा.* एसी-१५, एसी-३० ही मंडळी. ट्रेबल चमकदार, झांजेच्या किणकिणाटासारखा. पेडलचा टोन खाली आणा, ड्राइव्ह अगदी बेताचा ठेवा. चमक तशीच राहते, टोचत नाही.

*रोलंडचा जेसी-१२०.* १९७५ पासून चालत आलेला हा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर तालमीच्या भाड्याच्या खोल्यांत वारंवार भेटतो. १२ इंची दोन स्पीकर, आणि आवाज आरशासारखा स्वच्छ. तो पेडलचे काहीच लपवत नाही. पेडल कर्कश असेल तर कर्कशच ऐकू येते. पहिली रीत वापरा, टोन खाली, ॲम्प्लिफायरचा ट्रेबलही खाली. मिड पुढे आलेला नको असेल तर १९९५ पासून मिळणारे बॉसचे ब्लूज ड्रायव्हर वापरून पाहा.

*नकली ट्यूबचे डिजिटल ॲम्प्लिफायर.* बॉस कटाना वगैरे. हे संगणकाच्या बुद्धीने वेगवेगळ्या ॲम्प्लिफायरची नक्कल करतात आणि बऱ्याचदा ओव्हरड्राइव्ह आतच असतो. ज्या घरात हा आहे त्यांनी आधी तोच महिनाभर नीट वापरावा. पेडलचा खर्च तेवढे दिवस थांबला तर काही बिघडत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशीची गंमत

घरी छान वाजणारे पेडल गणपतीच्या कार्यक्रमात घोंगावणाऱ्या माशीसारखे का वाजते, असे मुले रडवेली होऊन विचारतात. कारण सोपे आहे. घाईत कुणीतरी पेडलची वायर सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरला लावलेली असते. गिटारचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचा आवाज फारसा देतच नाही, त्यामुळे फाटण्यातली खरखर आपोआप गाळली जाते. हॉलचे स्पीकर मात्र ती सगळी प्रामाणिकपणे ऐकवतात. म्हणून छोटा का होईना, ॲम्प्लिफायर बरोबर आणावा आणि त्याच्यापुढे माइक ठेवावा. ते जमत नसेल तर गिटारच्या स्पीकरची नक्कल करणारी डबी मध्ये लावावी. आणि गायिका गात असताना पेडल बंद! मिड पुढे आणणारे पेडल नेमके तिच्या आवाजावर चढून बसते. ते दाबायचे ते तिचे कडवे संपल्यावर, मधल्या संगीताला.

पैशांचे काय?

एसडी-१ नवे कोरे शंभर डॉलरच्या आत मिळते. बेरिंजर, जोयो यांची ट्यूब स्क्रीमरच्या जातीची पेडले त्याहूनही स्वस्त आहेत. बेरिंजरची काही पेडले प्लास्टिकच्या डबीतली असतात. घरच्या सरावाला ती पुरतात, स्टेजवर धपाधप पाय पडणार असतील तर धातूची डबी बरी. दुसऱ्या टोकाला १९९० च्या दशकात निघालेले क्लॉन सेंटॉर आहे. ते आज जुन्या बाजारात हजारो डॉलरला जाते. मुलांनी व्हिडिओ पाहून त्याचे नाव घेतले तर घाबरू नका. त्याच्या धर्तीची स्वस्त पेडलेही निघाली आहेत.

दुकानात जाताना स्वतःची गिटार न्या आणि घरी आहे तशा ॲम्प्लिफायरवरच वाजवा. तीनही बटणे मध्यावर ठेवून सुरुवात करा. मग पेडल चालू-बंद करत लेव्हल अशी जुळवा की दोन्ही वेळा आवाज सारखाच मोठा वाटेल. हे फार महत्त्वाचे. कानाला मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो, आणि विक्रेत्याला हे आपल्याआधी ठाऊक असते!

वीज आणि कान

बहुतेक पेडलांना ९ व्होल्टचा डीसी लागतो, आणि अडॅप्टरच्या पिनेत मधला भाग ऋण असतो. ड्रॉवरमध्ये पडलेला जुन्या फोनचा किंवा कॅल्क्युलेटरचा अडॅप्टर लावून बघू नका, पेडल जळू शकते. बॅटरी घातली असेल तर वाजवणे झाल्यावर गिटारची वायर पेडलमधून काढा. ती खोचलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते. आणि एक कळकळीची सूचना: हीच चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी अनेक स्मोक अलार्ममध्येही असते. घरातल्या कलावंताने ती 'तात्पुरती' उसनी घेतलेली नाही ना, हे आजच बघा.

सुट्टीत पुण्या-मुंबईला वाद्य नेणार असाल तर पेडल बॅटरीवर कुठेही चालते. ॲम्प्लिफायरचे तसे नाही. फक्त १२० व्होल्टसाठी बनलेला डबा तिथल्या २३० व्होल्टवर लावला तर पहिल्याच दिवशी जळेल. मागची पट्टी वाचूनच न्या.

आता सर्वांत महत्त्वाचे. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेची कामाच्या जागांसाठी शिफारस अशी: ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास, आणि दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी. म्हणजे ९४ ला एक तास, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटे. पंधरा वॉटचा ट्यूब ॲम्प्लिफायर बंद बेसमेंटमध्ये पूर्ण पिळला तर जवळ बसलेल्याच्या कानावर शंभरच्या वरचा आवाज सहज पडतो. गेलेले श्रवण परत येत नाही. ओव्हरड्राइव्ह पेडलचा खरा उपयोग आम्हाला इथे दिसतो. पहिल्या रीतीने वापरले तर तोच दाट आवाज बोलण्याइतक्या हळू आवाजातही मिळतो. "पेडल घेऊ, पण ॲम्प्लिफायरचे बटण या खुणेच्या पुढे जाणार नाही" असा करार करा आणि बटणाजवळ चिकटपट्टीने खूण करून ठेवा. आमच्यातल्या दोन घरांत हा करार टिकून आहे.

गणेशोत्सवाच्या तालमींना येताना गिटारवाल्या मुलांनी पेडल, त्याचा योग्य अडॅप्टर आणि दोन वायरी आणाव्यात. पेडल अजून घेतलेले नसेल तर आमच्याकडची दोन-तीन वाजवून पाहावीत. आईबाबांनीही गाडीत न बसता आत यावे आणि एकदा स्वतःच्या हाताने ड्राइव्हचे बटण फिरवून पाहावे. चहा आहेच.