पाचवा दिवस स्वस्त पडतो तेव्हा

ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डचं तिकीट काढायला बसलं की आधी समोर येतं ते कॅलेंडर. प्रत्येक तारखेच्या चौकटीत डॉलरचा एक आकडा. महिना पुढे सरकवला की आकडे बदलतात आणि तिकिटाचे दिवस तीनाचे चार केले की सगळ्या चौकटी पुन्हा बदलतात. आम्ही अटलांटाच्या उपनगरात राहतो. ऑर्लँडो इथून गाडीने साधारण सात तासांवर. विमानाचा खर्च नाही, त्यामुळे ‘पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ’ असं मुलांना सांगणं फार सोपं जातं. सांगितलेलं निभवायचं तर तिकिटांचा हिशेब नीट बसवावा लागतो. घरात हे काम माझ्याकडे आहे आणि पुण्याहून आई-बाबा आलेले असले की बाबाही त्यात असतात. त्यांची सगळी नोकरी बँकेत झाली. स्क्रीनवरचा आकडा स्वतःच्या वहीत उतरवल्याशिवाय त्यांचा त्यावर विश्वास बसत नाही.

ते कॅलेंडर पहिल्यांदा बघून बाबा म्हणाले, “हा काय मंडईतला भाव आहे, रोज बदलायला?” तसाच आहे. 2016 च्या फेब्रुवारीपर्यंत एका दिवसाच्या तिकिटाचा भाव हंगामाप्रमाणे बदलत नव्हता. त्या महिन्यात तीन हंगामांचे तीन भाव आले आणि ऑक्टोबर 2018 पासून अनेक दिवसांच्या तिकिटांनाही तारखा चिकटल्या. 2025 साली एका दिवसाचं मोठ्यांचं तिकीट सर्वांत स्वस्त दिवशी ॲनिमल किंगडमला 119 डॉलर होतं, तर नाताळाच्या गर्दीत मॅजिक किंगडमला 199. त्यावर साडेसहा टक्के कर वेगळा. गर्दी वर्षभरात पसरावी आणि जिला हटायचंच नाही तिने जास्त पैसे मोजावेत, एवढा सरळ हेतू त्यामागे आहे. म्हणून तिकिटातली सर्वांत मोठी बचत कुठल्याही कूपनात नसते, ती तारखेत असते.

तारीख मात्र शाळा ठरवते. ऑगस्टची अखेर आणि सप्टेंबर हे ऑर्लँडोतले स्वस्त आठवडे, कारण तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात. अटलांटाच्या भागातल्या शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच उघडतात आणि काही काउंट्यांत सप्टेंबरच्या अखेरीस आठवडाभराची सुट्टी पडते. ही सुट्टी म्हणजे आमच्यासारख्यांना लागलेली लॉटरी. फेब्रुवारीत, प्रेसिडेंट्स डेच्या आठवड्यात, तीच मुलं, तीच गाडी आणि तीच पार्कं बरीच महाग पडतात. सप्टेंबरची किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागते. उकाडा असतो, दुपारी हमखास सर येते आणि 1 जून ते 30 नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम असतो. त्यामुळे हॉटेल रद्द करता येण्यासारखंच घ्यायचं. तिकिटाचं फारसं भय नाही: मुळीच न वापरलेलं तिकीट तारीख उलटून गेली तरी वाया जात नाही, त्याची रक्कम नव्या तिकिटात धरून घेता येते.

तारखेनंतर प्रश्न येतो दिवसांचा आणि खरी गंमत तिथे आहे. डिस्ने वर्ल्डमध्ये चार पार्कं: 1971 चं मॅजिक किंगडम, 1982 चं एपकॉट, 1989 चं हॉलिवूड स्टुडिओज आणि 1998 चं ॲनिमल किंगडम. तिकीट जितक्या जास्त दिवसांचं, तितका दिवसाचा भाव कमी. पहिले दोन-तीन दिवस भरभक्कम, चौथ्यापासून उतार, आणि पाचवा दिवस जोडायला पहिल्या दिवसाच्या मानाने फारच थोडे पैसे लागतात. पानावर मोठ्या अक्षरात दिसतो तो हा दिवसाचा उतरता भाव. तो बघून ‘एवढ्यात मिळतोय तर घेऊनच टाकू’ असं कुणालाही वाटेल.

बाबांनी वहीत पाच रकाने आखले: तिकीट, खोली, जेवण, पार्किंग, बेरीज. दर दिवशीचा भाव हा रकाना त्यांनी आखलाच नाही. “मला चौथ्या दिवसावरून पाचव्या दिवसावर जाताना खिशातून एकूण किती जातात ते सांग.” मग चित्र उलटं दिसू लागलं. तिकिटाच्या रकान्यात पाचवा दिवस खरोखर किरकोळ होता. पण त्याच्यापाठोपाठ हॉटेलची एक रात्र आली, सहा माणसांचं दोन वेळचं खाणं आलं, आणि बाहेरच्या हॉटेलातून गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी पार्किंग आलं. हे पार्किंग 2023 मध्ये दिवसाला 25 डॉलरचं 30 झालं. स्वस्त दिवस सगळ्यांत महाग दिवसांच्या पंगतीला जाऊन बसला. बाबांनी त्याच्याभोवती लाल गोल केला.

जे वर्षाआड किंवा दरवर्षी जातात त्यांना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आजची तिकिटं शिल्लक टाकता येत नाहीत. चार दिवसांचं तिकीट सुरुवातीच्या तारखेपासून सात दिवसांत संपवायचं, पाच दिवसांचं आठ दिवसांत. उरलेला दिवस मुदत संपली की गेला. पूर्वी असं नव्हतं. 2005 च्या आधीच्या बहुतेक तिकिटांना मुदत नसे. पुढेही काही वर्षं जादा पैसे भरून मुदत काढून टाकण्याची सोय होती. जाणती कुटुंबं दहा दिवसांचं तिकीट घेत आणि ते तीन-चार सहलींत पुरवत. उतरत्या भावाचा पुरेपूर फायदा त्यात होता. ती सोय 2015 मध्ये बंद झाली. इथल्या जुन्या मराठी कुटुंबांकडून ‘मोठं तिकीट घ्या, पुढच्या वेळी कामाला येईल’ असा सल्ला अजून मिळतो. तो त्या काळचा सल्ला आहे, आज तो उपयोगाचा नाही.

ऑर्लँडोत एकट्या डिस्नेचं राज्य नाही, हेही हिशेबात येतं. युनिव्हर्सल 1990 पासून तिथे आहे आणि 22 मे 2025 ला त्यांचं एपिक युनिव्हर्स उघडल्यापासून मुलांची मागणी दोन्हीकडची असते. तीन दिवस डिस्ने आणि दोन दिवस युनिव्हर्सल हा बेत ऐकायला छान वाटतो. पण भावाची उतरण प्रत्येक कंपनीच्या तिकिटाला पहिल्यापासून सुरू होते. एकाच सहलीत दोन्हीकडे गेलं की दोन्हीकडचे महाग दिवस आपल्या वाट्याला येतात आणि स्वस्त दिवस एकाही ठिकाणचे येत नाहीत. पुन्हा पुन्हा जाणाऱ्यांनी एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे करावं. पहिल्याच खेपेला सगळं उरकायची घाई असते ती एकदाच येणाऱ्याला.

घरातल्या प्रत्येकाने सारखंच तिकीट घ्यावं असाही नियम नाही. आईचे गुडघे दुखतात. चार पार्कांत चार दिवस चालणं तिला झेपत नाही आणि हवंही नसतं. डिस्ने वर्ल्डमध्ये ज्येष्ठांना सवलत नाही, सत्तरीच्या माणसालाही तेवढेच पैसे. मग तिच्यासाठी दोन दिवसांचं तिकीट पुरतं. दोन दिवसांच्या तिकिटाला वापरायला चार दिवसांची मुदत असते, म्हणून मध्ये एक दिवस हॉटेलवर आराम करून ती पुन्हा येऊ शकते. मुलांच्या बाबतीत मर्यादा दोन: तीन वर्षांखाली फुकट, आणि दहा पूर्ण झाली की मोठ्यांत गणती. यांतली पहिली मर्यादा महत्त्वाची. धाकट्याचा तिसरा वाढदिवस ऑक्टोबरात असेल तर सप्टेंबरची सहल एका माणसाचं अख्खं तिकीट वाचवते. तीन ते नऊच्या मुलांना मिळणारी सूट मात्र नाममात्र आहे. तेवढ्यासाठी दहाव्या वाढदिवसाच्या आत पोचण्याची धडपड करण्यात अर्थ नाही.

एका दिवसात दोन-तीन पार्कांत जायची मुभा देणारं पार्क हॉपर हे पहिल्यांदा जाणाऱ्याला आवश्यक वाटतं. नेहमी जाणाऱ्याला क्वचितच लागतं, कारण राहिलेलं पुढच्या वेळी बघता येतं. पैसे देऊन रांग टाळण्याच्या सोयीचंही तेच. 1999 मध्ये फास्टपास आला तेव्हा तो फुकट होता. 2021 पासून त्याच्या जागी पैसे मोजायची योजना आली. गंमत अशी की 1971 मध्ये साडेतीन डॉलर प्रवेशाचे आणि पाळण्यांची कूपनं वेगळी अशीच रीत होती. 1982 मध्ये कूपनं जाऊन सगळं एका तिकिटात आलं. आता पुन्हा वेगळे पैसे सुरू झालेत. कुठल्या पाळण्याला सकाळी धावायचं आणि कुठला रात्री आतषबाजीच्या वेळी रिकामा असतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे पैसे बहुतेक दिवशी वाचवता येतात.

आता वार्षिक पास. पुन्हा जाणाऱ्याच्या मनात तो पहिल्या सहलीच्या परतीच्या वाटेवरच येतो. फ्लोरिडाच्या रहिवाशांना स्वस्त पासांची निवड असते. आमच्यासारख्या बाहेरच्यांना, डिस्नेच्या टाइमशेअरचे सभासद नसू तर, एकच मिळतो: इन्क्रेडि-पास. तो 2021 मध्ये 1,299 डॉलरला होता, ऑक्टोबर 2024 मध्ये 1,549 ला गेला. बाबांनी हिशेब असा मांडला. समजा आपल्या तारखांना तिकीट दिवसाला 140 डॉलर पडतं. 1,549 ला 140 ने भागलं की अकरा. म्हणजे बारा महिन्यांत बारावा दिवस पार्कात घालवला तर फायदा सुरू. पण पासात पार्किंग धरलेलं आहे आणि गाडी एकच असते. म्हणून ज्याच्या नावावर गाडी आत जाते त्याच्यासाठी दिवसाचे 170 वाचतात आणि दहाव्या दिवशीच पास वसूल होतो. सगळ्यांना पास किंवा कुणालाच नको, असे दोनच पर्याय नसतात. कधी कधी एकाच मोठ्या माणसाला पास आणि बाकीच्यांना साधी तिकिटं हे गणित जुळतं. खरेदीवर आणि काही हॉटेलांवर पासधारकाला मिळणारी सवलतही सगळ्या कुटुंबाच्या कामाला येते.

पासाचं वर्ष खरेदीच्या दिवसापासून मोजत नाहीत, गेटवर तो सुरू केल्यापासून मोजतात. यंदा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू केलेला पास पुढच्या सप्टेंबरात, वर्ष भरण्याच्या चार दिवस आधी, दुसऱ्या सहलीला चालतो. मधली एखादी सहल ही वरकड. पण पासधारकाला काही दिवशी पार्कातली जागा आधी राखून ठेवावी लागते; तारखेच्या तिकिटावरची ती अट जानेवारी 2024 मध्ये उठली. शिवाय नव्या पासांची विक्री कंपनी मध्येच थांबवते, तशी ती नोव्हेंबर 2021 पासून एप्रिल 2023 पर्यंत बहुतेकांसाठी बंद होती. पासावर भिस्त ठेवून दोन-तीन वर्षांचे बेत आखू नयेत.

गावातल्या पार्कचा न्याय ऑर्लँडोला लावू नये, हे बाबांनीच सांगितलं. अटलांटाजवळ सिक्स फ्लॅग्ज ओव्हर जॉर्जिया 1967 पासून आहे. तिथला हंगामी पास दोन खेपांत वसूल होतो, कारण तिथे जायला खोली लागत नाही, रजा लागत नाही. सात तासांच्या अंतरावरचा पास वसूल करायला निघालं की पासापेक्षा जास्त पैसे वाटेत आणि हॉटेलात जातात.

तिकीट घ्यायचं ते डिस्नेच्या स्थळावरून किंवा अधिकृत विक्रेत्याकडून. अंडरकव्हर टुरिस्टसारख्या विक्रेत्यांकडे अनेक दिवसांची तिकिटं थोडी कमी पडतात. टार्गेट या दुकानाच्या कार्डावर डिस्नेची गिफ्ट कार्डं पाच टक्के स्वस्त मिळतात आणि त्यांतून तिकिटाचे पैसे भरता येतात. ऑर्लँडोजवळच्या किसिमीच्या हमरस्त्यावर कुणाचे उरलेले दिवस स्वस्तात विकणाऱ्या टपऱ्यांकडे मात्र वळू नये. गेटवर कार्ड किंवा फोन टेकवल्यावर शेजारच्या काचेवर बोट ठेवावं लागतं आणि त्या बोटाची नोंद तिकिटाला जोडली जाते. दुसऱ्याचं तिकीट तिथे अडतं. टाइमशेअरचं व्याख्यान ऐकलं तर तिकीट फुकट, हा सौदाही तसाच: अर्धी सकाळ त्यात जाते.

पार्कात बाहेरचं खाणं न्यायला परवानगी आहे, फक्त काचेची भांडी नकोत. गार पाणी बहुतेक खाण्याच्या काउंटरवर मागितलं की फुकट मिळतं. आईच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी यांनी आमच्या जेवणाच्या रकान्यात जी बचत केली ती तिकिटावरच्या कुठल्याही सवलतीपेक्षा मोठी होती.

तुम्हीही तिकीट काढायला बसाल तेव्हा क्रम असा ठेवा. आधी तारीख, मग कुणाला किती दिवस झेपतील ते, मग संपूर्ण सहलीची बेरीज, आणि शेवटी तिकीट. पास घ्यायचा तर दुसऱ्या सहलीची रजा मंजूर झाल्यावरच घ्या. दिवसाचा भाव कंपनी तुम्हाला दाखवतेच, एकूण खर्चाचा आकडा मात्र तुम्हालाच मांडावा लागतो.