रस्ते-बांधकामस्थळावरील वाहतूक नियंत्रक : प्रशिक्षणाचे स्वरूप आणि नाशिक परिसरातील गरज

बीजसंज्ञा : बांधकामस्थळ, वाहतूक नियंत्रण, झेंडीवाला, रस्ता सुरक्षा, कौशल्य प्रशिक्षण

प्रस्तावना

मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे मार्ग यांच्या संगमावर वसलेल्या नाशिक शहरात रस्त्यांची कामे ही नित्याची बाब आहे. बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थ कुंभमेळ्यापूर्वी या कामांना विशेष वेग येतो. २०१५ च्या सिंहस्थापूर्वी तसे घडले आणि २०२७ च्या पर्वासाठीही नाशिक व त्र्यंबकेश्वर परिसरात रस्त्यांची कामे हाती घेण्यात आली. अशा कामांच्या दोन्ही टोकांना लाल-हिरवी झेंडी घेतलेला एक कामगार उभा असतो. त्याला कोणी फ्लॅगमन म्हणतात, कोणी झेंडीवाला. बांधकामस्थळावरील मजूर आणि वेगाने येणारे वाहन यांच्यामध्ये तोच एक जिवंत दुवा असतो. तरीही ज्याला अवजड काम झेपत नाही त्याच्या हाती झेंडी द्यावी, असा प्रघात अनेक ठिकाणी दिसतो. प्रस्तुत लेखात या कामामागील शास्त्र, त्यासाठी आवश्यक प्रशिक्षण आणि त्यात महाविद्यालयांना घेता येईल असा वाटा यांचे विवेचन केले आहे.

मानकांची पार्श्वभूमी

भारतातील रस्तेविषयक मानके इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था ठरवते. तिच्या स्थापनेचे मूळ १९२७ मध्ये नेमलेल्या जयकर समितीत आहे. या समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर हेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीच्या शिफारशींच्या ओघात डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस अस्तित्वात आली. बांधकामस्थळावरील सुरक्षिततेसाठी या संस्थेने २००१ मध्ये 'एसपी ५५' ही मार्गदर्शिका प्रसिद्ध केली व २०१४ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली. तिच्यानुसार बांधकामस्थळाचे चार भाग पडतात : चालकाला आगाऊ सूचना देणारा भाग, वाहनांना मूळ मार्गिकेतून वळविणारा संक्रमणाचा भाग, प्रत्यक्ष कामाचा भाग आणि वाहतूक पुन्हा पूर्ववत करणारा शेवटचा भाग. प्रत्येक भागाचे प्रयोजन झेंडीवाल्याला ठाऊक असणे हा प्रशिक्षणाचा पहिला धडा होय. आगाऊ सूचनेचा फलक पडलेला असेल, तर पुढे कितीही झेंडी हलविली तरी ती उशिराच दिसणार, हे त्याला उमगले पाहिजे.

उभे राहण्याची जागा

कुठे उभे राहावे, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. वस्तुतः तो गणिताचा आहे. धोका लक्षात येऊन ब्रेक दाबेपर्यंत चालकाला २.५ सेकंद लागतात, असे भारतीय मानकात गृहीत धरलेले आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन तेवढ्या वेळात सुमारे ५५ मीटर अंतर कापते, आणि ते पूर्ण थांबण्यासाठी एकूण १२० मीटर दृष्टिअंतर आवश्यक मानले जाते. ताशी ६० किलोमीटर वेगास हेच अंतर ८० मीटर आहे. म्हणजेच वेग एकतृतीयांशाने वाढला की आवश्यक अंतर दीडपट होते. वळणाआड, उड्डाणपुलाच्या चढाच्या पलीकडे किंवा उभ्या ट्रकच्या सावलीत थांबलेला झेंडीवाला हे अंतर चालकाला मिळू देत नाही. कसारा घाटात पावसाळी धुके उतरले की दृष्टिअंतर आणखी घटते. अशा वेळी केवळ झेंडी पुरेशी नसते; परावर्तक जाकीट व प्रकाशदर्शक दांडी अपरिहार्य ठरते.

याखेरीज काही साधे नियम कटाक्षाने शिकवावे लागतात. वाहतुकीकडे पाठ करू नये. चालत्या मार्गिकेत न थांबता कडेला राहावे. इतर मजुरांच्या घोळक्यात उभे राहू नये, कारण घोळक्यात झेंडीवाला वेगळा दिसत नाही. वाहन थांबले नाहीच, तर कोणत्या दिशेने उडी घ्यायची ती जागा आधी हेरून ठेवावी.

संकेतांची भाषा

झेंडी ही एक भाषा आहे व तिचे व्याकरण काटेकोर असावे लागते. लाल झेंडी आडवी व स्थिर धरणे म्हणजे थांबा. ती खाली घेऊन मोकळ्या हाताने खूण करणे म्हणजे पुढे या. लाल झेंडीनेच 'चला, चला' असे खुणावणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. त्यामुळे चालकाला एकाच क्षणी परस्परविरोधी दोन संदेश मिळतात. म्हणूनच अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांत एका बाजूस 'थांबा' व दुसऱ्या बाजूस 'सावकाश' किंवा 'जा' असे लिहिलेला हातफलक वापरतात. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यात तर मान्यताप्राप्त प्रशिक्षण पूर्ण करून ओळखपत्र मिळविल्याशिवाय हा फलक हाती घेता येत नाही.

एकच मार्गिका दोन्ही दिशांनी आळीपाळीने चालवायची असल्यास दोन टोकांवरील झेंडीवाल्यांत समन्वय लागतो. त्यासाठी वॉकीटॉकी असावी. शेवटच्या वाहनाचा क्रमांक पलीकडे कळवावा आणि ते वाहन बाहेर पडल्याची खात्री झाल्यावरच दुसरी बाजू सोडावी. एकेरी लोहमार्गावर टोकन दिल्याशिवाय गाडी न सोडण्याची जी पद्धत होती, तिच्यामागील तत्त्व हेच होते.

रेल्वेशी तुलना येथे उद्बोधक ठरते. ब्रॉडगेज रुळावर काम चालू असताना ६०० मीटरवर लाल बॅनर झेंडी आणि १,२०० मीटरवर डिटोनेटर लावण्याचा नियम आहे. ही अंतरे ठरलेली असतात, हे काम करणाऱ्याची दृष्टी वैद्यकीय चाचणीत तपासलेली असते आणि त्याला नियमांचे शिक्षण मिळालेले असते. इगतपुरीत रुळावर एवढी काळजी घेतली जाते. त्याच गावाजवळून जाणाऱ्या महामार्गावरील झेंडीवाल्याला तिचा अंशही न मिळणे सयुक्तिक नाही.

स्थानिक परिस्थितीचे भान

परदेशी अभ्यासक्रम जसाच्या तसा येथे लागू पडणार नाही. लासलगाव, पिंपळगावकडे जाणाऱ्या कांद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या चटकन थांबू शकत नाहीत. पौष महिन्यात संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकेश्वरी येतात; चैत्रात खानदेशातील भाविक पायी सप्तशृंगगडाकडे निघतात. पायी चालणाऱ्या समूहाला वाहनाप्रमाणे थोपविता येत नाही. त्याला सुरक्षित कडा मोकळी करून द्यावी लागते. परप्रांतीय ट्रकचालकांशी मोजक्या हिंदीत बोलता येणे, रुग्णवाहिकेस प्राधान्य देणे आणि हुज्जत घालणाऱ्या चालकासमोर संयम न सोडणे, हेही प्रशिक्षणाचेच विषय होत.

कायद्यातील स्थान

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११९ नुसार चालकाने अनिवार्य वाहतूक चिन्हे, विद्युत सिग्नल व वाहतूक नियमन करणारा पोलीस अधिकारी यांचे आदेश पाळावयाचे असतात. या कलमात झेंडीवाल्याचा उल्लेख नाही. परिणामी त्याचे सामर्थ्य अधिकारात नसून त्याच्या संकेताच्या स्पष्टतेत असते, आणि म्हणूनच प्रशिक्षणाचे मोल अधिक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८अ अन्वये, सुरक्षा मानके न पाळल्याने मृत्यू वा अपंगत्व ओढवल्यास संबंधित यंत्रणा, कंत्राटदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या, हे ध्यानी घेता मानके केवळ निविदेच्या कागदावर राहणे परवडणारे नाही.

महाविद्यालयांची भूमिका

नाशिकमध्ये महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे, १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे आणि अभियांत्रिकी महाविद्यालयेही आहेत. या संस्थांच्या सहकार्याने अल्प मुदतीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आखणे शक्य आहे. त्याची मांडणी पुढीलप्रमाणे असावी :

१) दृष्टी व श्रवणक्षमतेची प्राथमिक तपासणी;
२) बांधकामस्थळाचे चार भाग व चिन्हांची ओळख, शक्यतो चित्रांद्वारे, जेणेकरून अल्पशिक्षित कामगारही मागे राहणार नाही;
३) बंद आवारात संकेतांचा सराव;
४) अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रस्त्यावरील काम;
५) तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा आणि ठरावीक काळाने उजळणी.

पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना थांबण्याच्या अंतराचे, मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना अवधान व थकव्याचे, तर भाषेच्या प्राध्यापकांना सुबोध सूचनापुस्तिकेचे काम करता येईल. मात्र राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्यांना विनामूल्य झेंडीवाले म्हणून महामार्गावर उभे करणे हा प्रशिक्षणाचा पर्याय होऊ नये. तसे झाल्यास धोका एका अप्रशिक्षित व्यक्तीकडून दुसऱ्या अप्रशिक्षित व्यक्तीकडे सरकेल, एवढेच.

समारोप

प्रशिक्षणाने सर्व काही साधत नाही, याचीही नोंद आवश्यक आहे. उन्हात बारा तास उभ्या असलेल्या माणसाचे अवधान ढळणारच. पाळी बदलणे, पिण्याचे पाणी व सावलीतील विश्रांती ही कंत्राटदाराची जबाबदारी आहे. तथापि झेंडीवाल्याचे काम कुशल काम म्हणून मान्य झाले, तर त्याचे वेतन, त्याची सुरक्षितता आणि त्याच्या पाठीमागे खड्ड्यात काम करणाऱ्या मजुरांचे प्राण या तिन्हींचा विचार एकत्रितपणे होऊ शकेल. सिंहस्थाच्या निमित्ताने होणारे रस्ते पुढील अनेक वर्षे टिकावेत अशी अपेक्षा असते. ते बांधताना घडविलेले कुशल मनुष्यबळही तितकेच टिकाऊ ठरेल.